बावखलातले मासे

मासे मेले तो मंगळवार होता. पुढच्या रविवारी चर्चमध्ये नव्या पिकाचा आशीर्वाद होता, म्हणून सिप्रियन सकाळीच बायकोची, क्लेमेंटीनची, टोपली धुवायला बावखलावर गेला. नंदाखालच्या त्याच्या वाडीतलं हे गोड्या पाण्याचं तळं आजोबांनी खणलेलं. दोन भावांच्या वाटणीत वाडी मधोमध तुटली, पण बावखल सामाईक राहिलं.

पाणी पांढरं दिसत होतं. त्याला वाटलं, आभाळ पडलंय. मग त्याने टोपली बुडवली आणि टोपलीत मासे आले. सगळे पोट वर केलेले. बोटाएवढे, वीतभर, शेकड्याने. काठाच्या गवतात एक बेडूक पाय ताणून मेला होता. आणि पायरीजवळ, डोकं अर्धं चिखलात खुपसून, मुकादम पडला होता.

मुकादम म्हणजे जुनी मरळ, हाताएवढी लांब. क्लेमेंटीन पाण्यात भांडं बुडवायला आली की ती वर येऊन बघून जायची. "आला बघ मुकादम हजेरी घ्यायला," ती म्हणायची. बाटलीतल्या चाचण्या-बिचण्या तिला ठाऊक नव्हत्या. तिचं सरळ होतं. मासे जगतायत तोवर पाणी चांगलं, आणि पाणी चांगलं तोवर वाडी चांगली.

सिप्रियनने मरळीला कल्ल्यात बोट घालून उचललं. दुसऱ्या हाताने झोपडीच्या दाराला अडकवलेला कोयता काढला आणि तो धाकट्या भावाच्या, मर्विनच्या, घराकडे निघाला. कोणी केलं हा प्रश्न त्याला पडलाच नाही. बावखलाच्या दोनच बाजू होत्या. एका बाजूला विष मारत नव्हते. दुसऱ्या बाजूला मारत होते.

आठ वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंना मारत होते. सिप्रियन तर सगळ्यात जास्त. पाठीला पंप बांधून तो केळीच्या रांगेत शिरला की मागे काही हलत नसे. मावा मेला, अळ्या मेल्या, त्यांच्यामागे धावणाऱ्या चिमण्या मेल्या, एकदा धामण वेटोळं घालून आळ्यातच मेली. त्याला त्याचं काही वाटत नसे, उलट बरं वाटे. औषध मिसळायचं काम क्लेमेंटीनचं. काठी सापडली नाही तर ती ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून ढवळायची आणि लुगड्याला पुसायची.

मग एका सप्टेंबरात ती नव्या पिकाची टोपली घेऊन वेदीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. टोपली ठेवली नाही. घरी आल्यावर तिने टोपली ओट्यावर आपटली.

"काल फवारलेली वांगी आहेत ही," ती म्हणाली. "पोराबाळांना मी आठ दिवस देणार नाही आणि देवाला आज देतेय. लाज नाही वाटत?"

"देव काय खातो काय?" सिप्रियन म्हणाला.

"तो खात नाही म्हणूनच विचारतेय. बाजारात घेणाऱ्याला कळत नाही, त्याला आपण फसवतो, आणि ज्याला सगळं कळतं त्यालाही?"

त्या दिवसापासून वाडीत विष बंद. पहिली दोन वर्षं वाडी उजाड झाली. क्लेमेंटीन पहाटे गुडघ्यावर बसून पानापानावरची अळी हाताने वेचायची, तोंडाने रोजच्या भाकरीची प्रार्थना पुटपुटायची. शेण, गोमूत्र, गूळ कालवायची. निंबोळ्या वाटून वाटून तिच्या हातांना कडू वास यायचा. देवाने पहिल्या माणसाला बाग राखायला ठेवलं होतं, मारायला नाही, असं ती म्हणायची, पण हे ती कोणाच्या दारात जाऊन म्हणाली नाही. मर्विनच्या बायकोला, हेलनला, ती परड्यातून भाजी द्यायची आणि सोबत बी द्यायची, एवढंच.

दारात जाऊन म्हणायचा तो सिप्रियन. आधी ही बिनविषाची शेती तो कंटाळत करायचा, मग त्याला तिची चव लागली. वाडीच्या तोंडावर 'बिनविषारी' अशी पाटी लावली. मर्विनच्या घरचं जेवण सोडलं, पाणी सोडलं. नाताळात हेलनने पाठवलेला फराळसुद्धा परत पाठवला. क्लेमेंटीनने तो रस्त्यातच अडवला आणि स्वतः खाल्ला.

जानेवारीत ती गेली. पोटातला आजार. शेवटचे दोन महिने तिचं शरीर आतून कोणी पिळत असल्यासारखं वळायचं, आणि ती चादर दातात धरायची. सिप्रियन तिच्या हाताकडे बघत बसायचा. कोपरापर्यंत. ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मरायच्या आदल्या दिवशी एवढंच म्हणाली, "टोपली चुकवू नकोस. राजेळीचा पहिला घड. स्वच्छ असू दे."

तो घड आता तयार होता. बावखलाच्या काठी राजेळीच्या चौदा केळी, आणि पहिलीवर जाड, कोनदार फण्यांचा घड, चार दिवसांवर आलेला. तिच्या मुळांना हे पाणी गेलं होतं.

मर्विन ओसरीवर चहात पाव बुडवत बसला होता. त्याने मान वर केली.

"अरे वा. आठ महिन्यांनी पायरी चढलास, दादा. बस, चहा घे. बिनविषारी आहे."

सिप्रियनने मरळ त्याच्या बशीत आपटली. चहा उडाला.

"हे काय?"

"मुकादम. सगळे मेलेत. पंप धुतलास बावखलात?"

"मी? मी पंप जुलैपासून काढलेला नाही. पावसात काय फवारणार, डोंबल?"

"खोटं बोलू नकोस."

"तो बघ, तुझ्या समोर लटकतोय."

पंप खरंच खुंटीला लटकत होता. सिप्रियनने बघितला. नळीच्या तोंडावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. ते त्याच्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही.

"रविवारी टोपली आहे," तो म्हणाला. "तुला माहीत होतं. मुद्दाम केलंस."

मर्विन उभा राहिला. "हे बघ दादा, आठ वर्षं तुझं ऐकतोय. मी पापी, माझी वांगी पापी. एवढंच सांगतो, वैनी असती तर तिने आधी विचारलं असतं, मग..."

"तिचं नाव घेऊ नकोस."

"का नको? माझीपण वैनी होती. तुझ्यापेक्षा मीच तिच्याशी धड बोलायचो."

सिप्रियनने कोयता उलटा फिरवला. पाठ मर्विनच्या हातावर बसली आणि आतलं हाड ओल्या फांदीसारखं मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मर्विनने चांगल्या हाताने पितळेचा तांब्या उचलून सिप्रियनच्या तोंडावर हाणला. दात हलला, ओठ फाटला. दोघे पायरीवरून खाली अंगणात पडले. साठी ओलांडलेले दोन म्हातारे चिखलात लोळत होते, एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालत होते. मर्विनने त्याचा अंगठा चावला. सिप्रियनने त्याचं डोकं केसांना धरून फरशीच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मर्विनची पकड सुटली.

मग सिप्रियन त्याच्या छातीवर बसला. हातात कोयता होता आणि आता तो सुलटा होता. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला की त्याने नेम कशावर धरला होता, आणि दरवेळी उत्तर तेच आलं. मानेवर. घड उतरवताना दांडा जिथे पकडतात तसंच त्याने डाव्या हाताने हनुवटी वर धरली होती.

कोयता खाली आला तेव्हा हेलनने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. पातं मर्विनच्या कानाची पाळी घेऊन मातीत रुतलं.

"मारून टाका!" हेलन किंचाळत होती. "मारा, भावजी! मला पण मारा! प्रार्थना म्हणत म्हणत मारा!"

तिच्या गाऊनवर नवऱ्याचं रक्त उडालं होतं. सिप्रियन उठला. कोयता मातीतून निघेना. तो त्याने तिथेच सोडला आणि वाडीकडे चालत आला. मागे रायनच्या, मर्विनच्या मुलाच्या, गाडीचा आवाज आला. बापाला दवाखान्यात नेत होते.

बावखलावर येऊन तो पायरीवर बसला. ओठातलं रक्त पाण्यात टपकत होतं. मग एक वास त्याच्या नाकात शिरला. आधी त्याला वाटलं, माशांचा. पण माशांना असा वास येत नाही. कुजक्या लसणासारखा, घशात चिकटणारा. आठ वर्षांत हा वास त्याने घेतला नव्हता. पण बारा वर्षं त्याने तो पाठीवर वाहिला होता.

वास मर्विनच्या बाजूने येत नव्हता. त्याच्या स्वतःच्या बाजूने येत होता. काठावर उभारलेल्या क्रुसाखालच्या बांधातून.

आणि तेव्हा त्याला कुंभारमाशीचं घर आठवलं.

त्याने फावडं आणलं नाही. हातानेच बांध उकरायला लागला. पावसाने बांध ढासळला होता आणि त्यातून तेलकट, इंद्रधनुषी रेघ पाण्यात उतरत होती. हातभर आत पत्र्याला बोट लागलं. पत्रा बोटाखाली बिस्किटासारखा तुटला.

डबे. त्याचेच.

त्या वर्षी विष बंद केल्यावर क्लेमेंटीनने फादरना वाडीला आशीर्वाद द्यायला बोलावलं होतं. झोपडीतली सगळी हत्यारं तिने नारळाखाली ओळीने मांडली. कोयता, फावडं, खुरपं. आणि कडेला उरलेल्या विषाचे नऊ डबे, भंगारवाल्याला द्यायला काढून ठेवलेले. फादर पवित्र पाणी शिंपडत निघाले आणि हात आखडला नाही. हत्यारांवर शिंपडलं, डब्यांवरही शिंपडलं.

"झालं," मर्विन म्हणाला होता. "आता किडेसुद्धा थेट स्वर्गात." फादरसुद्धा हसले.

पण संध्याकाळी प्रश्न पडला. मोडलेली मूर्ती, तुटलेली माळ, वाळलेली झावळी, ज्याला ज्याला आशीर्वादाचं पाणी लागलं ते आपण कचऱ्यात टाकत नाही. जाळतो नाहीतर पुरतो. विष जाळता येईना. म्हणून सिप्रियनने खड्डा केला, बांधात, क्रुसाच्या पायाशी, कारण तिथे कोणाचा पाय पडत नाही. क्लेमेंटीनने वर माती लोटली आणि क्रुसाची खूण केली.

आणि मर्विन कुंपणापलीकडून म्हणाला होता, "दादा, तिथे नको. पाणी जवळ आहे. आशीर्वाद-बिशीर्वाद ठीक आहे, पत्रा गंजतोच."

"तू आता मला शेती शिकव," सिप्रियन म्हणाला होता.

पुढे लाकडी क्रूस कुजला. क्लेमेंटीनने सिमेंटचा करवून घेतला, आणि काठ भुसभुशीत म्हणून तो दोन पावलं मागे बसवला. यंदा मे महिन्यात बावखलाचा गाळ काढून केळीच्या बुंध्यात घालायचं दरवर्षीचं काम आलं. बायको जाऊन चार महिने झाले होते. त्याला अंग मोडून टाकणारं काम हवं होतं. गाळ संपला तरी तो थांबला नाही. बांध तासत गेला, क्रुसाच्या दिशेने, आणि क्रुसाला तीन पावलं राहिली तेव्हा थांबला, कारण डबे क्रुसाखाली आहेत असं त्याच्या मनात पक्कं होतं. क्रूस मागे सरकवलेली दोन पावलं तो विसरला.

बांधातून सात डबे निघाले, दोन नुसते गंजाचे भुगे. मासे या आठवड्यापर्यंत जिवंत होते, तो स्वतःला म्हणाला. म्हणजे तोवर पाणी चांगलं होतं. म्हणजे ती प्यायली ते, तिने भाजीला घातलं ते चांगलं होतं. हे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि दरवेळी आवाज थोडा मोठा करावा लागला.

दुपारी रायन आला. तिशीचा, नायगावला बँकेत नोकरीला, अजून गळ्यात ओळखपत्र होतं. सरळ येऊन त्याने काकाच्या तोंडावर बुक्की मारली. सिप्रियन पडला. रायनने त्याला कॉलर धरून उठवलं आणि पुन्हा मारली.

"हात उचल ना! सकाळी उचलत होतास ना? उचल!"

सिप्रियनने हात उचलला नाही. हलणारा दात त्याने मातीत थुंकला.

"दोन ठिकाणी मोडलाय हात. डोक्याला अकरा टाके. आणि पप्पा डॉक्टरला काय सांगतात माहितीय? माळ्यावरून पडलो! मी नाही तसं बोलणार. मी तक्रार करणार. तू जेलमध्ये जाणार, काका."

"कर. लिहून आण. मी सही करतो."

रायनचा हात तसाच राहिला. मग त्याला काठावर ओळीने ठेवलेले डबे दिसले. "हे काय आहे?"

"विष. माझं. मीच पुरलेलं."

रायनने डबे बघितले, मासे बघितले, काकाचे कोपरापर्यंत काळे झालेले हात बघितले. "साबणाने धू ते आधी," तो म्हणाला आणि निघून गेला.

सिप्रियनने हात धुतले. मग तो मर्विनच्या अंगणात गेला, मातीतला कोयता उपसला, आणि परत येऊन राजेळीच्या पहिल्या केळीपुढे उभा राहिला. घडाच्या टोकाला अजून फूल होतं. त्याने बुंध्यावर घाव घातला. केळ एका घावात जात नाही, पाण्याने भरलेली असते. दुसऱ्या घावाला ती कमरेत वाकली आणि घड चिखलात आपटला. त्याने घडाचेही तुकडे केले, फणी फणी, म्हणजे कोणी उचलून नेऊ नये, गाईनेही तोंड लावू नये. मग दुसरी. मग तिसरी. रस अंगावर उडत होता, कपड्यांवर काळे डाग पडत होते, आणि तो मोठ्याने रडत होता. आठ वर्षांत त्याने या वाडीत एक अळी चिरडली नव्हती. संध्याकाळपर्यंत चौदाही केळी आडव्या पडल्या. नारळांखालून त्याला पलीकडची सगळी वाडी दिसत होती, मर्विनची वांगी, मर्विनचं घर.

शनिवारी तो त्या घराच्या पायरीखाली उभा राहिला.

"आत यायचं नाही," हेलन दारातूनच म्हणाली. तिच्या हातात लाटणं होतं, पोळ्या चालल्या होत्या, पण तिने ते खाली ठेवलं नाही.

"येत नाही. मर्विनला सांगायचंय."

"सांग तिथूनच," आतून मर्विनचा आवाज आला. "कान एकच शाबूत आहे, पण ऐकू येतं."

"डबे माझे होते. तू तेव्हा बोलला होतास, पाणी जवळ आहे म्हणून."

मग मर्विन हसला, आणि हसताना टाके ओढले असणार, कारण मध्येच कण्हला.

"आठ वर्षं माझ्या घरचं पाणी प्यायला नाहीस, दादा. आठ वर्षं. आणि विष कुठे होतं? क्रुसाखाली."

"हो."

"राजेळी तोडलीस म्हणे."

"चौदाही."

"वैनीच्या टोपलीतला घडसुद्धा?"

"तोच आधी."

हेलनने लाटणं खाली केलं. तिने नवऱ्याकडे वळून बघितलं, मग परड्यात गेली. विहिरीकडेला तिचा दुधी-काकडीचा मांडव होता. बी क्लेमेंटीनने दिलेलं. स्वयंपाकघराच्या दाराशी म्हणून त्याच्यावर मर्विनने कधी काही मारलं नव्हतं, आणि पाणी विहिरीचं. तिने तीन दुधी कापले, चार काकड्या तोडल्या.

"टोपली कुठेय?" तिने विचारलं.

त्याने ती पाठीमागे धरली होती; तो द्यायला पुढे झाला.

"खाली ठेवा," ती म्हणाली. "आणि हात लावू नका परत. ही तिची टोपली आहे म्हणून भरतेय. रायन नेईल."

रविवारी चर्च भरलं होतं. भाताच्या लोंब्या, शहाळी, तोंडली, चाफ्याची फुलं. माणसं ओळीने वेदीकडे जात होती. सिप्रियन शेवटच्या बाकावर टोकाला बसला होता. त्याचं तोंड सुजून निळं झालं होतं आणि शेजारची जागा कोणी घेतली नव्हती. गावात सगळं कळलं होतं. रायन टोपली घेऊन गेला आणि त्याने ती पायरीवर ठेवली. तीन दुधी, चार काकड्या. फादरनी पाणी शिंपडलं. सिप्रियनने मान खाली घातली.

कम्युनियनला सगळा बाक उठला. तो उठला नाही. त्याने पापनिवेदन केलं नव्हतं, आणि केलं असतं तरी कुठून सुरुवात करायची ते त्याला कळत नव्हतं. ओळ पुढे गेली, परत आली. परतताना कोणीतरी त्याच्या बाकापाशी थांबलं. प्लास्टर दिसलं, गळ्यात अडकवलेलं. वर बघायची त्याला हिंमत झाली नाही.

"रायनने तक्रार लिहिलीय," मर्विन हळू आवाजात म्हणाला. "पानभर. इंग्रजीत. मिस्सा झाल्यावर चौकीत जायचंय. सही करणार म्हणाला होतास."

"करतो."

"नंतर फिरशील."

"नाही फिरणार."

मर्विनने प्लास्टरच्या कडेने भावाच्या खांद्याला ढोसलं, दुखेल इतक्या जोरात.

"मग सरक."

सिप्रियन सरकला.